‘मास कॉम’ची पदवी : आपल्या मुलांनी घ्यावी काय?

बारावीचा निकाल लागला की मावळातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरी पुढच्या तालमीची चर्चा सुरू होते. पूर्वी या चर्चेत तीनच नावे असत. गुण चांगले असले तर डॉक्टर किंवा इंजिनियर, बेताचे असले तर बी.कॉम. करून गादीवर बसणे. गेली काही वर्षे त्यात चौथे नाव ऐकू येऊ लागले आहे, ते म्हणजे ‘मास कॉम’. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील ओळखीच्या घरांतून आम्हास याबद्दल वारंवार विचारणा होते. आम्ही कापडाचे व्यापारी, कॉलेजचे प्राध्यापक नव्हे. पण हॉटेलांना चादरी-पडदे पुरविण्याच्या निमित्ताने जाहिरातवाले, छपाईवाले, वर्तमानपत्रवाले यांच्याशी रोजचा संबंध येतो, आणि या शिक्षणातून बाहेर पडलेली मुले आम्ही कामावर पाहिली आहेत. त्या आधारावर चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

प्रथम नावाबद्दल. इंग्रजीत ज्याला कम्युनिकेशन म्हणतात त्यास मराठीत संज्ञापन किंवा जनसंवाद म्हणतात. आमची तालीम उर्दू शाळेत झाली. उर्दूत या विद्येसाठी दोन शब्द चालतात, एक ‘तरसील’ आणि दुसरा ‘इब्लाग’. तरसील म्हणजे पाठविणे, इब्लाग म्हणजे पोचविणे. बोलताना लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. आमच्या मते मात्र या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे तेच या पदवीत तीन वर्षे शिकवितात. व्यापाऱ्यास हे समजण्यास अडचण पडू नये. भिवंडीहून गाठ रवाना झाली, बिल्टी हाती आली, म्हणून व्यवहार पुरा होत नाही. समोरच्याने गाठ उघडली, ताके मोजले, पोच दिली, म्हणजे पुरा होतो. मालाबाबत आपण इतके सावध असतो, पण शब्दांबाबत मात्र केवळ पाठवून मोकळे होतो. दुकानावर पाटी लावली, पत्रके वाटली, मोबाईलवर ग्राहकांना संदेश टाकला, की झाले काम. पोच आली की नाही हे कोण पाहतो?

हे केवळ धंद्यापुरते नाही. मावळातील ताजी गोष्ट घ्या. १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जणांचे प्राण गेले, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची सूचना देणारा फलक तेथे होता, असे नंतर प्रशासनाकडून सांगण्यात आले. म्हणजे तरसील झाली होती, इब्लाग झाला नव्हता. दोष कोणाचा यात आम्ही शिरत नाही. परंतु संज्ञापनाचा विद्यार्थी अशा फलकापुढे उभा राहून जे प्रश्न विचारील ते आपण विचारीत नाही. फलक पर्यटक गाडी लावतात तेथे आहे की पुलाच्या तोंडाशी, जेथे मागून गर्दी रेटत असते? त्यावरची भाषा बाहेरगावच्या माणसास कळते काय? पुढचे शंभर जण बिनधास्त पूल ओलांडताना दिसत असता शंभरावा एक माणूस फलकावर विश्वास ठेवील की शंभर जणांवर? ‘धोका’ हा शब्द घाटात जागोजागी लिहिलेला असला म्हणजे डोळा तो वाचायचे सोडून देतो, याचे काय करावे? या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने द्यावयाची नसतात. लोकांना विचारून, मोजून काढावयाची असतात, आणि त्याची रीत शिकविली जाते.

ही रीत परदेशातून आलेली नवी टूम आहे असे कोणी समजू नये. जगभर संज्ञापनाच्या वर्गांत ज्या प्रयोगाचे नाव घेतले जाते त्यापैकी एक आपल्याच भागात झाला आहे. पुणे येथे आकाशवाणीचे केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्यानंतर १९५६ मध्ये युनेस्को व आकाशवाणी यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन केली. गावातील पंधरा-वीस माणसे आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, आणि रेडिओ बंद झाल्यावर ऐकलेल्या गोष्टीवर आपसांत चर्चा करीत. दहा आठवडे हे चालले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे त्याची तपासणी होती व पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते.

त्यांनी तपासणी कशी केली हे व्यापाऱ्याने लक्ष देऊन पाहावे. नुसती मंडळे असलेली गावे पाहून त्यांनी वाहवा केली नाही. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी गावे घेतली, आणि जेथे रेडिओच नव्हता अशीही घेतली. तिन्हीकडे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी व संपल्यानंतर माणसांना प्रश्न विचारून त्यांना किती माहिती आहे ते मोजले. मंडळाच्या गावांत माहिती पुष्कळ वाढलेली आढळली. रेडिओ असून मंडळ नसलेल्या गावांत वाढ थोडकीच होती. म्हणजे पेटीतून आवाज येत होता म्हणून गोष्ट पोचत नव्हती. माणसे एकत्र बसून ‘हे आपल्या शेतात चालेल काय’ असे एकमेकांस विचारीत, तेव्हा ती पोचत होती. पुढे १९५९ पासून सरकारने ही मंडळे देशभर वाढविली. हा प्रयोग आमच्या वडीलधाऱ्यांच्या वयात, आमच्याच जिल्ह्यात झाला. तरी त्याचे नाव आम्ही प्रथम ऐकले ते कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीच्या तोंडून. तिच्या पुस्तकात पुण्याचे नाव होते.

आता आपल्या दुकानाकडे येऊ. ग्राहक वाढविण्यासाठी आपण सेल लावतो. सेलचा खर्च होतो, गर्दी होते, गल्लाही भरतो. पण त्यातील किती ग्राहक पाटी पाहून आले, किती शेजाऱ्याने सांगितले म्हणून, आणि किती जण एरवीही येणारच होते? न्यूराथसाहेबांनी गावे जशी वेगळी केली तसे ग्राहक वेगळे केल्याशिवाय पत्रकांवर घातलेला पैसा कामी आला की पाण्यात गेला हे कळणार नाही. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला संशोधनाचा एक पेपर असतो. मुलांना तो सर्वांत रुक्ष वाटतो, आणि धंद्यास तोच सर्वांत उपयोगी आहे असे आमचे मत आहे.

पहिल्या वर्षी काही सिद्धान्त शिकवितात. नावे जड आहेत, मतलब सोपा आहे. अमेरिकेतील हॅरॉल्ड लॅसवेल यांनी १९४८ साली असे मांडले की कोणताही संदेश तपासताना पाच गोष्टी विचाराव्या : कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या मार्गाने, कोणाला, आणि परिणाम काय झाला. त्याच वर्षी क्लॉड शॅनन यांनी टेलिफोनच्या तारांचा विचार करताना ‘नॉइज’ म्हणजे वाटेतल्या गोंगाटाची कल्पना मांडली. पाठविणारा ठीक, घेणारा ठीक, तरी वाटेत काहीतरी मिसळते आणि निरोप बिघडतो. आम्हास हा गोंगाट रोज भेटतो. खंडाळ्याच्या एखाद्या बंगल्यातून पडद्याच्या कापडाचा फोटो मोबाईलवर येतो, ‘हाच रंग हवा’ असा निरोप असतो. फोटो संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला. आमच्या पडद्यावर तो रंग बदामी दिसतो, त्यांच्या भिंतीवर मोतिया असतो. ताका फाडून पाठवावा तर परत येणार. म्हणून आम्ही फोटोवर कापड फाडीत नाही, वीतभर तुकडा गाडीवाल्याबरोबर पाठवितो आणि दिवसाउजेडी पाहून कळवा म्हणतो. शॅननचे नाव न घेता प्रत्येक जुना बजाज हेच करतो. मग कॉलेजात का जावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढे येईल.

पदवीतील बाकी विषय असे असतात : बातमी लिहिणे व संपादन, छायाचित्र व चित्रफीत, रेडिओ, जाहिरात, जनसंपर्क, माध्यमांचा इतिहास, माध्यमांचे कायदे. इतिहासात बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ येते; ते ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. ते शिकून पोट भरत नाही हे खरे, तथापि आपण ज्या धंद्यात उतरतो त्याचे खानदान ठाऊक असावे.

जाहिरात व कायदा या दोन विषयांवर मात्र थोडे थांबावयास हवे, कारण त्यांचा आपल्याशी सरळ संबंध येतो. जाहिरातीच्या वर्गात मजकूर लिहिणे हे काम शेवटी येते. त्याआधी ग्राहक कोण, तो दिवसातून कोठे कोठे असतो, त्याच्या डोळ्यापुढे आपले नाव किती पैशात किती वेळा येईल, हा हिशेब शिकवितात. लोणावळ्यात शनिवार-रविवारी येणारा मुंबईकर आणि आठवडाभर येथेच राहणारा ग्राहक हे वेगळे आहेत. पहिला चिक्की घेतो व निघून जातो, दुसरा शाळेच्या गणवेशाचे कापड घेतो आणि पाच वर्षे येत राहतो. दोघांसाठी एकच फलक लावणारे दुकानदार बाजारपेठेत पुष्कळ आहेत.

कायद्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला. फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकास व जाहिरातीत शिफारस करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा, आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्यात केंद्रीय प्राधिकरणास दिला आहे. व्यापाऱ्याची जाहिरात असली तरी ती थांबविण्याचा हुकूम होऊ शकतो. मिश्र धाग्याच्या कापडावर ‘शंभर टक्के सुती’ असे छापून घेणारे महाभाग आपल्या लाईनीत आहेत. त्यांनी हे वाचावे. सिनेमातील गाणे किंवा नटाचे चित्र न विचारता दुकानाच्या चित्रफितीत घालणे हाही गुन्हा ठरू शकतो, तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली. मोबाईलवरून जाहिरात करणे सोपे झाले, पण ते करणाऱ्या भाच्या-पुतण्यांना हे कायदे कोणी शिकविलेले नसतात.

येथे मालेगावचा दाखला कोणीतरी देईलच, आणि तो द्यावाही. यंत्रमागाच्या त्या गावात नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालविता चालविता स्वतःच चित्रपट काढले, घरगुती साधनांनी जुळवाजुळव केली. यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख त्यांच्या चित्रपटात सुपरमॅन झाले. त्यावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि २०२५ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी चित्रपटही आला. कोणाकडेही पदवी नव्हती. हुनर पदवीतून येत नाही हे आम्ही मान्य करतो. परंतु दुसरी बाजूही पाहावी. मालेगावची कहाणी देशास कळली ती बाहेरचे, शिकलेले लोक कॅमेरा घेऊन आले तेव्हा. हुनर आपल्याकडे आणि कहाणी सांगण्याचे साधन दुसऱ्याकडे, हे आपल्या कारागिरांच्या बाबतीत नेहमीचे आहे. विणणारा एका गावचा असतो, त्या साडीचे सुंदर पुस्तक दुसराच छापतो, आणि दुकानात भाव त्या पुस्तकास मिळतो. कॉलेजात का जावे याचे आमच्यापुरते उत्तर हे आहे.

तळेगावातील एक शिवणकाम करणारे गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या मुलीस ही पदवी घ्यावयाची होती. ते आमच्याकडे येऊन म्हणाले, “शेठ, शिवण शिकली तर ब्लाउज विकेल, मेंदी शिकली तर मेंदी लावील. हे शिकून ती विकणार काय?” प्रश्न रास्त होता. कारागिराच्या घरात जी विद्या हातात दिसत नाही ती विद्याच नव्हे असे वाटते. आम्ही त्यांना एवढेच विचारले की गेल्या वर्षी शाळेच्या गणवेशाचे काम हातचे कशामुळे गेले. ते गप्प झाले. कामात खोट नव्हती. शाळेने दरपत्रक व कामाची माहिती लेखी मागितली होती, ती त्यांना लिहिता आली नाही, आणि पुण्याच्या एका दुकानाने छापील पुस्तिका पाठविली. त्या शाळेतील मुलांची मापे तेच बारा वर्षे घेत होते. मुलगी मागे उभी होती. ती म्हणाली, “चाचा, ते पत्र मी लिहिले असते.”

पुढे तिने काय केले ते सांगण्यासारखे आहे, कारण मावळातील बहुतेक घरांस तोच मार्ग परवडेल. ती सरळ महागड्या संस्थेत गेली नाही. तळेगावातच इंद्रायणी महाविद्यालयात बी.ए. केले, वडिलांच्या दुकानाची मोबाईलवरची सर्व लिखापढी हाती घेतली, आणि आता पत्रकारितेच्या पुढच्या अभ्यासक्रमाची तयारी करीत आहे. लोणावळ्याच्या मुलांसाठी हीच सोय डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालयात आहे. कोणत्याही शाखेची पदवी झाल्यावर पुणे विद्यापीठाच्या संज्ञापन विभागाकडे, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरील सर्वांच्या परिचयाच्या रानडे इन्स्टिट्यूटकडे जाता येते. हा विभाग १९६४ साली सुरू झाला; मराठी वर्तमानपत्रांतील कितीतरी संपादक व वार्ताहर तेथून निघाले. विद्यापीठाचे स्वतःचे ‘विद्यावाणी’ हे रेडिओ केंद्रही २००५ पासून आहे.

बारावीनंतर लगेच हीच पदवी घ्यावयाची असेल तर पुण्यात विमाननगर येथील सिंबायोसिसची संस्था आहे, कोथरूडला एमआयटी आहे, आणखीही खासगी विद्यापीठे आहेत. शिक्षण इंग्रजीतून, प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून, आणि फी लाखांत. आमच्या लोणावळ्याची जागा मजेची आहे. घाटाच्या वर पुणे विद्यापीठ, घाट उतरला की रायगड जिल्हा व मुंबई विद्यापीठ. मुंबई विद्यापीठाने गेल्या शतकाच्या अखेरीस बी.एम.एम. ही माध्यमांची पदवी काढली. २०१९ पासून तिचे नाव बदलून ती बी.ए. झाली, आणि पनवेल-नवी मुंबईकडील महाविद्यालयांत ती मिळते. खासगी विद्यापीठांपेक्षा फी पुष्कळ कमी असते. काही महाविद्यालयांनी तिचा मराठी माध्यमाचा वर्गही चालविला. पुण्यास जाणाऱ्यास लोकल आहे; १९७८ पासून ती पुणे-लोणावळा धावते, चौसष्ट किलोमीटरचा प्रवास. मात्र प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या तासांची वेळ आणि गाड्यांची वेळ शेजारी शेजारी मांडून पाहावी. शेवटचा तास सुटल्यावर मुलगी घरी किती वाजता पोचेल हा प्रश्न बापाने प्रथम विचारला तर त्यास मागासलेपणा म्हणू नये.

नोकरी करता करता किंवा दुकान सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आहे. पत्रकारितेचे शिक्षण त्याने मराठीतून दिले आहे. उर्दूतच पुढे जावयाचे असेल तर हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. ते १९९८ पासून चालू आहे, आणि तेथील पत्रकारितेच्या विभागाच्या उर्दू नावात तोच ‘तरसील’ शब्द आहे.

भाषेचा मुद्दा आपल्या मुलांसाठी सर्वांत अवघड आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दहावीपर्यंत उर्दू, घरात दखनी-हिंदी, बाजारात मराठी, आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. मुलास चारही भाषा थोड्या थोड्या येतात आणि एकीतही दोन पाने सरळ लिहिता येत नाहीत. या पदवीत तर लिहिणे हेच हत्यार आहे. आमचा सल्ला असा की दोन भाषा पक्क्या कराव्या. त्यातील एक मराठी असावी, दुसरी मुलाने निवडावी. महाराष्ट्रात बातमी, जाहिरात, सरकारी अर्ज, दुकानाची पाटी यांचा कारभार मराठीत चालतो. दुकानांच्या पाट्या मराठीत देवनागरीत लावण्याची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही लागू झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. याचा अर्थ उर्दू सोडावी असा मुळीच नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असण्यास हरकत घेण्यात आली, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने ती हरकत फेटाळली आणि भाषेस धर्माशी जोडू नये असे स्पष्ट केले. तेथे मुद्दा पुन्हा पोचण्याचाच होता : गावातील ज्या लोकांना उर्दू वाचता येते त्यांना नगरपरिषदेचे नाव कळावे. मराठी व उर्दू दोन्ही सफाईने लिहिणारा माणूस आज वर्तमानपत्रात, भाषांतरात, चित्रपटांच्या खालच्या ओळी लिहिण्याच्या कामात शोधावा लागतो. आपल्या मुलांकडे ही पुंजी जन्मापासून आहे, फक्त तिच्यावर मेहनत केलेली नाही.

कमाईबद्दल खोटी आशा दाखवू नये. बातमीदाराचा सुरुवातीचा पगार थोडा असतो आणि वेळेचा नेम नसतो. वर्तमानपत्रांतील जागा कमी होत चालल्या आहेत. जाहिरातीचा मजकूर तर आता संगणकातील यंत्रबुद्धी चुटकीसरशी लिहून देते, आम्हीही ते करून पाहिले. मजकूर गुळगुळीत होता, पण लोणावळ्याच्या पावसात कोणत्या कापडाचा पडदा बुरशी धरतो हे त्यात नव्हते, आणि ग्राहकास तेच विचारावयाचे असते. ज्या मुलास नुसता मजकूर लिहिता येतो त्याचे काम हे यंत्र खाईल. ज्यास ग्राहकाजवळ जाऊन विचारता येते, मोजता येते आणि मालाची खरी माहिती आहे, त्यास काम आहे : लोणावळ्यातील हॉटेले व रिसॉर्टांत, तळेगाव-चाकणच्या कारखान्यांच्या जनसंपर्कात, रुग्णालयांत, आणि सर्वांत आधी स्वतःच्या बापाच्या दुकानात.

पैशाच्या बाबतीत एक सावधगिरी. आमच्या परिचयातील एका बेकरीवाल्याच्या मुलाने एका खासगी संस्थेत तीन वर्षांची पूर्ण फी आगाऊ भरली. नोकरीची हमी दिली होती. अखेरीस हाती आले ते त्या संस्थेचेच प्रमाणपत्र, कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचे नाव छापले जाईल, आणि ते नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. दुसरे, कॅमेरा व ध्वनिमुद्रणाची खोली दाखवा म्हणावे, आणि ती विद्यार्थ्यांना आठवड्यातून किती तास मिळते हे शिपायास नव्हे, तेथे शिकणाऱ्या मुलांस विचारावे. फी वर्षावर्षाने भरावी. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन किंवा चार वर्षांची झाली आहे. एका वर्षाने प्रमाणपत्र व दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय त्यात आहे, ती आपल्या कॉलेजात खरोखर आहे काय तेही पाहावे. कर्ज लागल्यास मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिच्या अटी व रकमा बदलत असतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर न जाता पुण्यातील जिल्हा कार्यालयात चौकशी करावी व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. तहसील कार्यालयात जूनमध्ये रांग लागते.

खासगी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच सुटतात, आणि निकाल पाहून ठरवू म्हणणाऱ्यांचे वर्ष जाते. मुलाखतीत मुलाने केलेले काम पाहतात. त्यासाठी महागडा कॅमेरा घेण्याची गरज नाही. अकरावी-बारावीच्या सुट्टीत त्याने मावळातील दहा दुकानदारांस, शिवणकाम करणाऱ्यांस, चिक्की करणाऱ्यांस भेटावे, त्यांचे ग्राहक कोठून येतात आणि का येतात हे विचारून मराठीत लिहून काढावे, मोबाईलवर चार फोटो घ्यावे. कोणी मुलगा किंवा मुलगी तसे विचारावयास आल्यास आपल्या दुकानदार बांधवांनी चहा पाजून पंधरा मिनिटे द्यावीत. आमच्या दुकानात यावयाचे असेल तर शुक्रवारची दुपार सोडून केव्हाही यावे. ग्राहक कमी असल्याने मंगळवार-बुधवारची सकाळ अधिक बरी.